पालथी विरी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते विऱ्यांचे गठ्ठे बांधायचं. सकाळी आठ-साडेआठची वेळ. चहा झाला होता, आंघोळी व्हायच्या होत्या. पोफळीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, पान वाळून गळतं तेव्हा त्याच्या बुडाला चामड्यासारखी रुंद साल असते, ती विरी. पूर्वी तिला कोणी विचारत नसे. बंब पेटवायला घ्यायची, नाहीतर पोरं तिच्यावर बसून एकमेकांना ओढायची. आता तिच्या ताटल्या होतात. गावाबाहेर बंद पडलेली भाताची गिरणी होती, तिथं एका शेठनं मशीन बसवलंय. त्या मशीनला आमच्या वाडीतून दर आठवड्याला विऱ्या जायच्या, पंचवीसचा एक गठ्ठा.

बायको गठ्ठ्यावर पाय देऊन उभी राहायची आणि मी खाली बसून सुंभ ओढायचा. खरं तर वजन माझं जास्त, उभं मी राहायला हवं. पण गाठ मला चांगली मारता येते आणि तिला येत नाही, असं मी धरून चाललो होतो. चाळीस-बेचाळीस वर्षं मी बऱ्याच गोष्टी अशा धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी शेठ येणार होता. कुठल्या वाड्या धरायच्या आणि कुठल्या सोडायच्या, त्याची यादी करून तो वाचून दाखवणार होता. ती गठ्ठ्यावर उभी राहूनच म्हणाली, "त्या समुद्राच्या अंगाच्या लोकांचं काय करणार शेठ?"

मी म्हटलं, "सोडणार. त्यांच्या विऱ्या डागी येतात. त्याला तो काय करील?"

"डागी का येतात?"

"खारं वारं. मी सांगितलंय की मीटिंगमध्ये."

"तुम्ही सांगितलंत ते चूक हाय," ती म्हणाली. "आपल्या जमिनीत काय सोनं लागून गेलेलं न्हाय."

"मग कशात हाय सोनं?"

तिनं पाय बदलला. मग म्हणाली, "गाठ मारा आधी. पाय दुखायला लागला माझा."

मी गाठ मारली. सहा गठ्ठे झाले. ती पायावर पाणी घेऊन आत गेली. अकराच्या सुमाराला मागच्या पडवीत मासे साफ करत होती. मला हाक मारून म्हणाली, जबडा दुखतोय. मी म्हटलं, दात असेल. मग ती भिंतीला टेकली. रिक्षा आणली, तिला बसवलं, रिक्षा गावाच्या वेशीबाहेर पडली तेवढ्यात ती गेली. पुढं तालुक्याला नेली, त्यांनी बघितलं, कागद केले, परत आणली. लेक पनवेलहून चार वाजता पोचली. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. अग्नी मीच दिला. साफ केलेले मासे तसेच पडवीत राहिले होते, ते मांजरानं नेले.

एवढंच. ह्यात सांगण्यासारखं जास्त काही नाही. माणसं जातात. मला लिहायचंय ते विऱ्यांचं, कारण त्यात चूक माझी होती.

वादळात आमच्या किनाऱ्यावरच्या वाड्या झोपल्या. पोफळ उंच आणि बारीक, वाऱ्यापुढं तिचं काय चालणार. पंचनामे झाले, मदत आली, नाही असं नाही. पण पोफळ आज लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं खायचं काय, ह्याचं उत्तर मदतीत नव्हतं. आमच्याकडं पैसेवाले लोक येतात, पुष्कळ येतात, पण ते जमीन घ्यायला. वाडी घेतात, झाडं काढतात, बंगला बांधतात, वर्षातून चार दिवस येऊन राहतात. शेतीत पैसा घालायला म्हणून कोणी आलेला मी माझ्या हयातीत बघितला नव्हता. पोरांनी तरी का राहावं मग? माझ्या लेकीला मीच म्हटलं, नोकरी बघ.

त्यामुळं हा शेठ पहिल्यांदा गाडीतून उतरला तेव्हा आम्हाला वाटलं, प्लॉटवाला. मी बेड्यातच, म्हणजे वाडीच्या दारातच, त्याला सांगून टाकलं की विकायची नाही. तो वर बघत राहिला. नंतर हिनं मला आत बोलावलं आणि म्हणाली, ह्याला चहा द्या. मी म्हटलं, का? म्हणाली, प्लॉट बघणारा माणूस खाली बघतो नाहीतर समुद्राकडं बघतो. हा मघापासून झाडांच्या शेंड्याकडं बघतोय.

तिचं खरं निघालं. त्यानं गिरणी भाड्यानं घेतली, पत्रे बदलले, मशीन आणलं. गावातल्या सहा बायकांना कामाला लावलं. देखरेखीला घाटावरची एक मुलगी ठेवली, तिला सगळे मॅनेजरबाई म्हणतात. पंचविशीची असेल, पण कामाला पक्की. आमचं मासे सुकवणं तिला सोसत नाही, नाकाला रुमाल लावून फिरते. शेठनं सगळ्यांना बोलावून सांगितलं की नीट विऱ्या मिळाल्या तर दुसरं मशीन आणीन, आणि ज्या वाड्या धरीन त्यांना पोफळीची रोपं आणि पाण्याचे फवारे माझ्या खर्चानं देईन. झाड उभं राहीपर्यंत विरीवर तग धरा, असं त्याचं म्हणणं. मला पटलं. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं कळतं की दुसऱ्याच्या गावात पैसा घालायला छाती लागते. आम्ही गावातले लोक स्वतःच्या गावात घालत नाही. मी दहा घरं फिरून लोकांना तयार केलं.

आणि पहिल्याच महिन्यात घोटाळा झाला. ताटली दाबून निघते तेव्हा विरीची आतली बाजू वर येते. ती पांढरी, गुळगुळीत हवी. लोकांच्या विऱ्यांवर काळे डाग. विरीत पाणी साचून राहिलं की बुरशी धरते, ती दाबल्यावर उमटते. मॅनेजरबाईनं गठ्ठेच्या गठ्ठे परत केले. लोक चिडले. समुद्राच्या अंगाला माझ्या लहानपणच्या मित्राची वाडी आहे. तो गिरणीच्या दारात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, ताटली काय सोयरिकीला दाखवायचीय? खाऊन टाकूनच द्यायची ना?" बायका हसल्या. मॅनेजरबाई पण हसली, पण गठ्ठे घेतले नाहीत.

ह्या मित्राचं सगळ्यात जास्त गेलं होतं. त्याची पाऊण वाडी वादळात पडली. उरलेल्या झाडांच्या विऱ्या तो देत होता आणि त्याच परत येत होत्या. मला एकदा म्हणाला, ह्या यादीत नाव लागलं नाही तर मी प्लॉट काढणार. मुंबईचं एक गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलंय. हे तो रडून वगैरे म्हणाला नाही. बिडी झटकत म्हणाला. पण मला माहीत होतं की तो काढणार.

आता माझ्या विऱ्यांचं. माझ्या विऱ्या परत येत नव्हत्या. गठ्ठ्यात एखादी, फार तर दोन. मॅनेजरबाई म्हणाली, काका, तुम्ही काय करता? मी म्हटलं, काही नाही, जमीनच तशी. मग शेठ आला, बँकेचा माणूस आला, शेतकी खात्याचे साहेब आले. गिरणीत खुर्च्या मांडल्या आणि मला पुढं बसवलं. माझ्या आयुष्यात मला पुढं कोणी बसवलं नव्हतं. मी बोललो. म्हटलं, माझी वाडी डोंगराच्या अंगाला, पाणी गोडं, खारं वारं लागत नाही. समुद्राच्या अंगाच्या विरीत मीठ उतरतं, मीठ ओल धरतं, ओलीनं बुरशी येते. हे मी कुठं ऐकलं होतं? कुठंच नाही. बोलता बोलता सुचलं, आणि बोलल्यावर मलाच खरं वाटलं. शेतकी साहेबांनी मान हलवली. शेठनं लिहून घेतलं. टाळ्या वाजल्या.

ही मागं बायकांबरोबर चहाचे कप भरत उभी होती. घरी येताना मी विचारलं, कसं बोललो? म्हणाली, मोठ्यानं बोललात.

मित्र मात्र रस्त्यात आडवा आला. म्हणाला, "आमच्या जमिनीला खारट ठरवून मोकळा झालास होय रे? तुझ्या बापानं आणि माझ्या बापानं एकाच विहिरीवरून पाणी नेलेलं हाय." मी म्हटलं, मी जे हाय ते सांगितलं. तो म्हणाला, "तू जे सुचलं ते सांगितलंस." तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

माझ्या बोलण्यावरून शेठनं ठरवलं की समुद्राच्या अंगाच्या वाड्या सोडायच्या आणि डोंगराच्या अंगाच्या धरायच्या. दोष त्याचा नाही. पैसा घालणारा माणूस गावातल्या माणसाला विचारतो. गावातल्या माणसानं नीट सांगायला पाहिजे.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. घरात चूल पेटली नव्हती. लेक झोपली होती, तिला उठवलं नाही. बाहेर मोटरचा आवाज येत होता. बघतो तर मित्र. बोलणं बंद असलेला हा माणूस उजाडायच्या आधीच आला होता, मोटर सुरू करून आमच्या वाडीचं शिंपणं करत होता. दुःखाच्या घरात माणसं दहा दिवस बसून राहतात, पण झाडांना पाणी रोज लागतं, हे वाडीवाल्याला सांगावं लागत नाही. मला बघून म्हणाला, अर्धं झालंय, तू बस. मी बसलो नाही. वाडीत शिरलो.

फवारे फिरत होते. आदल्या दिवशी सकाळपासून जेवढ्या विऱ्या गळल्या होत्या तेवढ्या खाली पडलेल्या. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त उताण्या, होडीसारख्या. प्रत्येकीत पाणी. एकीत पाण्यावर मुंग्या तरंगत होत्या. मी थांबलो. कारण असं मी माझ्या वाडीत कधी बघितलं नव्हतं. विरी पडते ती काय बघून पडत नाही, कधी उताणी पडते, कधी पालथी. मग माझ्या वाडीत आजवर सगळ्या पालथ्याच कशा असायच्या?

ती रोज पहाटे वाडीत जायची. मी मोटर सुरू करायच्या आधी. हातात परडी. मला वाटायचं फुलं काढायला जाते. परत यायची ती चार अनंताची नाहीतर दोन जास्वंदीची फुलं घेऊन. मी कितीदा म्हटलंय, तासभर फिरून चार फुलं? देव काय उपाशी राहणार होता? ती म्हणायची, तेवढीच होती.

ती विऱ्या पालथ्या करत फिरत होती. पालथी विरी कमानीसारखी राहते, पाणी पाठीवरून जातं, आतली बाजू कोरडी राहते. एवढंच होतं ते. ना जमीन, ना गोडं पाणी. मित्राच्या वाडीत पहाटे कोणी फिरत नाही. त्याची सून शाळेत शिकवते, बायको दम्यानं आजारी, गडी येतो तो नऊ वाजता. बाकीच्यांचं तेच. विरी रात्री पडते, सकाळच्या पाण्यानं भरते, उन्हात तापते, दुपारी कोणीतरी उचलतो.

आणि ती हे शेठसाठी करत नव्हती. शेठला येऊन दोन वर्षं झाली. ती हे त्याच्या किती आधीपासून करत होती, ते मी तिथं उभा राहून मोजलं.

आमचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं. मुलगा. तेव्हा गावात दवाखाना नव्हता, सुईणीनं बाळंतपण केलं. त्याला न्यायला घरात काही हाताशी नव्हतं, पाऊस होता, तर सुईणीनं बाहेरून एक विरी आणली, त्यात फडका घालून त्याला निजवलं आणि माझ्या हातात दिलं. त्या विरीत तो नीट मावला. मी त्याला पुरून आलो. त्याच्यावर आम्ही दोघं नंतर कधी बोललो नाही. लेक झाली, तिचं केलं, दिवस गेले. एकदाच, लेक लहान असताना, मी ओल्या विऱ्या ओटीवर आणून टाकल्या होत्या. ती एकदम म्हणाली, "उताणी ठेवू नका." मी म्हटलं, का? तिनं सगळ्या पालथ्या केल्या आणि आत गेली. मला वाटलं, बायकांचं काहीतरी असतं.

हे मला त्या सकाळी कळलं. म्हणून काय माझ्या डोळ्यांतून पाणी वगैरे आलं नाही. मी मित्राला म्हटलं, मोटर बंद कर. त्यानं केली. मी एक पाणी भरलेली विरी ओतून घेतली, एक पालथी पडलेली घेतली, आणि त्याला म्हटलं, चल.

"कुठं?"

"गिरणीवर. शेठ आला असेल."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "अरे, काल तू बायकोला अग्नी दिलास. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तिथं तुझी वाडी विकायला चाललीय."

तो माझ्या मागून आला. मी मागं वळून बघितलं नाही, ती माझी सवय, पण चपलांचा आवाज येत होता.

सुतकात दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत जात नाहीत. म्हणून मी गिरणीच्या बाहेर रस्त्यावर उभा राहिलो आणि मॅनेजरबाईला हाक मारली. आत खुर्च्या मांडलेल्या दिसत होत्या. ती बाहेर आली, तिच्या मागून शेठ. दोघांना कळलं होतं. शेठ हात जोडून म्हणाला, काका, तुम्ही कशाला आलात, आम्हीच येणार होतो. मी म्हटलं, भेटायला या नंतर. आधी हे बघा. दोन्ही विऱ्या त्याच्या हातात दिल्या. त्यानं आतून बोट फिरवलं. एकीत बोट ओलं झालं.

"दोन्ही माझ्याच वाडीतल्या," मी म्हटलं. "मी त्या दिवशी खुर्चीवर बसून जे बोललो ते खोटं होतं. मुद्दाम न्हाय, पण खोटं. माझ्या जमिनीत काही न्हाय. माझी बायको रोज पहाटे, पाणी सोडायच्या आधी, विऱ्या पालथ्या करायची. मला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं."

आतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एक पदर डोळ्याला लावायला लागली, तिच्याकडं मी बघितलं नाही.

मॅनेजरबाईनं विचारलं, "काकूंना हे कोणी सांगितलं होतं?"

"कोणी न्हाय."

"मग त्या का करायच्या?"

"ते तिचं तिच्यापाशी," मी म्हटलं.

शेठ व्यवहारी माणूस. त्यानं विरी उलटीसुलटी करून बघितली आणि मला योग्य तोच प्रश्न विचारला. म्हणाला, "काका, समजलं. पण सगळ्या वाड्यांत रोज पहाटे हे करणार कोण? मी माणसं ठेवली तर मला परवडणार नाही."

मित्र मागून म्हणाला, "ज्याला वाडी ठेवायचीय तो करील." मग म्हणाला, "मी करीन."

शेठनं हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला. म्हणाला, यादी आज वाचत नाही. महिनाभर सगळ्यांच्या विऱ्या घेतो, मग बघू. दुसऱ्या मशीनचं काहीच बोलला नाही. मी पण विचारलं नाही. महिना म्हणजे महिना.

परत येताना मित्रानं बिडी काढली, मला दिली. मी घेतली. वाटेत तो एवढंच म्हणाला, "वहिनीनं मला तरी सांगायचं." मी म्हटलं, मलाच सांगितलं न्हाय तर तुला कुठनं? तो त्याच्या वाडीकडं वळला. मी माझ्या.

अजून अर्ध्या वाडीचं पाणी राहिलं होतं. मोटर लावली नाही. आधी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. वाकून होईना, गुडघे आडवे आले, तेव्हा बसून, सरकत सरकत. पाणी ओतायचं आणि पालथी घालायची. एकेका झाडाखाली दोन-दोन. तिला तासभर का लागायचा ते कळलं. अनंताच्या झाडाशी पोचलो तर चार फुलं होती. तेवढीच.

उन्हं वर आली तेव्हा लेक बेड्याशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, लोक आल्यात भेटायला. तुम्ही इथं काय करताय?"

मी म्हटलं, "बसव त्यांना. तीन रांगा राहिल्यात."